बेटाचे पैसे वेगळे

लेक हैदराबादला नोकरीला लागली तेव्हापासून आम्हा बापलेकीचं फोनवरचं बोलणं ठरून गेलं होतं. मी विचारायचो, "जेवलीस का?" ती म्हणायची, "व्हय." मी विचारायचो, "काय?" ती म्हणायची, "चपाती." मग दोघंही थोडा वेळ एकमेकांचा श्वास ऐकायचो, आणि मी म्हणायचो, "बरं, आईला देतो." फोन आईकडं गेला की दोन्हीकडून एकदमच बोलणं सुरू. मी बाजूला बसून एका बाजूचं ऐकायचो आणि दुसऱ्या बाजूचं मनानं भरून काढायचो.

माझा धंदा बोलण्याचा आहे, हे इथं सांगायला हवं. सीमेलगत, कर्नाटकातल्या आळंदला माझं मंगल कार्यालय आहे. पाटीवर कन्नडमध्ये कल्याण मंटप लिहिलंय, मराठीत मंगल कार्यालय, आणि येणारा जाणारा त्याला फंक्शन हॉल म्हणतो. दिवसभर मी परक्या लेकींच्या बापांशी घसा सुकेपर्यंत बोलतो. कन्नड बोलणारा आला तर कन्नडमध्ये गोड, दख्खनी बोलणारा आला तर त्याहून गोड. आणि स्वतःच्या लेकीशी बोलायची वेळ आली की चपातीच्या पुढं शब्द सापडत नाही.

उपाय तिनंच काढला. एका दिवाळीला घरी आली ती खेळाचं खोकं घेऊनच. ते टीव्हीला जोडलं, माझ्या हातात दोन्ही अंगठ्यांनी चालवायचं एक यंत्र दिलं, कानाला बोलायचा हेडफोन लावला आणि म्हणाली, "अप्पा, आता आपण दोघं मिळून शेती करायची. मी तिकडनं, तुमी इकडनं."

"कुठली शेती?"

"ह्यातली."

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "खऱ्या वावरात कवा पाय टाकला न्हाई, आता टीव्हीत नांगर धरा."

खरं बोलली. माझे वडील चिंताकीकडं शेती करायचे आणि पोरानं ती करू नये म्हणून रोज देवाला हात जोडायचे. देवानं ऐकलं. मी लग्नं लावायच्या धंद्यात पडलो. आणि आता पन्नाशी उलटल्यावर माझ्या हातात कुदळ आली होती, तीसुद्धा लेकीनं दिलेली. खोक्याचे पैसे मी जाताना तिच्या पिशवीत कोंबले. आमच्यात लेकीचं पाणीसुद्धा जपून पितात. खोकं कसं घेणार?

पहिल्या आठवड्यात मी निम्मं बियाणं दगडावर टाकलं आणि एक शेळी समुद्रात घालवली. पण मग गोडी लागली. असं शेत माझ्या वडिलांनी स्वप्नातही पाहिलं नसेल. त्याला बांध नव्हता, म्हणून बांध कोरणारा शेजारी नव्हता. रानडुकरं नव्हती. लाइट रात्रीच येते म्हणून अंधारात मोटर चालू करायला जायचं नव्हतं. पीक आलं की एका पेटीत टाकायचं आणि सकाळी पैसे हजर. मालात ओल आहे म्हणून हात वर करणारा अडत्या नाही, हमाल नाही, कुणाला चहा पाजायचा नाही. फक्त तूर नव्हती. भोपळा होता, स्ट्रॉबेरी होती, कसलीशी निळी फळं होती. तूर नाही आणि जोंधळाही नाही. हा खेळ ज्या कुणी बनवला त्यानं आयुष्यात वरण खाल्लेलं नाही, एवढं मला लगेच कळलं.

पण खरी गोष्ट पिकाची नव्हती. दिवेलागण झाली, लेक हापिसातून खोलीवर आली, की आम्ही शेतात भेटायचो. तिची तिथं पिवळ्या झग्यातली एक बाई होती, माझा टोपीवाला एक गडी. ती पाणी घालायची, मी खणायचो, आणि कामाच्या नादात तोंडं सुटायची. शेंगा सोलताना बाया असं काय काय बोलतात, त्याचं मला नेहमी कोडं वाटायचं. आता कळलं. हात गुंतलेले असले आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघायचं नसलं की बोलणं आपोआप येतं. हापिसातला साहेब, खोलीवरची भांडखोर मैत्रीण, घरमालकिणीचं मांजर, सगळं मला त्या शेतात कळलं. एकदा भोपळे तोडता तोडता ती सहज म्हणाली, "अप्पा, त्या उमरग्याच्या स्थळाला न्हाई म्हणून कळवा की."

मी खणत होतो. "कामून?"

"पयल्या भेटीत त्यानं पगार इचारला. दुसऱ्या भेटीत बी पगारच इचारला."

"मधल्या काळात वाढला का म्हणून बगत असंल."

ती इतकी हसली की तिच्या पिवळ्या झग्यातल्या बाईनं कुंपणाला धडका मारल्या. दुसऱ्या दिवशी मी उमरग्याला नकार कळवला. फोनवर ती मला हे कधीतरी बोलली असती का? मी तिला चपाती कशाबरोबर खाल्लीस म्हणून विचारलं असतं आणि तिनं वांगं म्हटलं असतं. त्या वांग्याबरोबर लग्नही होऊन गेलं असतं. आळंदच्या हॉलमध्ये, बापाच्याच जनरेटरवर.

बायको म्हणायची, "फोनवर तोंडाला कुलूप, आन् टीव्हीसमोर बसलं की पोपट." पण चहा आणून ठेवायची आणि पडद्याकडं न बघता कान तिकडंच ठेवायची.

असं बरं चाललेलं असताना उन्हाळ्यात बेट आलं.

लेक म्हणाली, "अप्पा, नवं बेट आलंय. डीएलसी."

"ती काय असती?"

"जादाचा भाग. डाउनलोड करायचा. त्याचे पैसे वेगळे."

"वेगळे म्हंजे? खेळ आपण घेतलाय ना?"

"खेळ घेतलाय. बेट न्हाई घेतलं."

मी यंत्र मांडीवर ठेवलं. आमच्या शेताच्या कडेला समुद्र होता. त्याच्या काठाला लाकडी धक्का होता आणि धक्क्याला एक होडी पहिल्या दिवसापासून बांधलेली होती. मी तेव्हाच लेकीला विचारलं होतं, ही कशाला गं? ती म्हणाली होती, शोभेला असंल. मी त्या होडीत बसून पाहिलं होतं. ती हलत नव्हती. आता कळलं की का हलत नव्हती. समुद्र किमतीत होता, होडी किमतीत होती, फक्त पलीकडचा काठ विकतचा होता. म्हणजे पहिला खेळ आमच्या गळ्यात मारला तेव्हाच ह्यांनी मनात ठरवलं होतं, की ह्या येड्याला आधी होडी दाखवून ठेवू, ती रोज बघून बघून त्याला पलीकडं जावंसं वाटू लागलं की मग काठ विकू.

मी म्हटलं, "ही लूट हाय. लुगडं विकायचं आन् पदराचे पैसे वेगळे घ्यायचे."

"अप्पा, पदर कुठला? शेत पुरं हायेच की. बेट नंतर बनवलंय. लोक वरीसभर राबलेत त्याच्यावर. त्यांनी फुकट कामून द्यावं?"

"मग दम धरायचा हुता. बेटासकट पुरं करून एकदाच विकायचं."

"मग खेळ महाग झाला असता. आन् तुमी घेतलाच नसता."

"पण होडी आधीपासनं बांधून ठिवली, त्याचं काय?"

ह्यावर ती गप्प झाली. मला वाटलं, मी जिंकलो. नंतर कळलं की ती तेवढ्या वेळात बेट विकत घेत होती.

"मी घेऊन दिऊ का तुमाला?" ती म्हणाली. "माझ्याकडनं."

"लेकीच्या पैशाचं बेट? न्हाई. आन् प्रश्न पैशाचा न्हाई, तत्त्वाचा हाय."

तत्त्व हा शब्द मी फार जपून वापरतो. जेव्हा वापरतो तेव्हा बहुतेक मला कुणाला तरी पैसे द्यायचे असतात.

पिवळ्या झग्यातली बाई होडीत बसली. होडी हलली. माझा टोपीवाला धक्क्यावर उभा राहिला. मी त्याला होडीत चढवायला गेलो तर पडद्यावर गोड विनंती करत दुकान उघडलं. मी ते बंद केलं आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "जा तू. मी हाय इथं."

सुरुवातीला ती बेटावरून परत यायची. "अप्पा, पाचच मिनिटं हं, तिकडं सगळे थांबलेत." सगळे म्हणजे तिचे हापिसातले मित्रमैत्रिणी. त्यांनीही बेट घेतलं होतं. मग पाच मिनिटांची दोन झाली, मग ती दर दोन-चार दिवसांनी यायला लागली, आणि मग एखाद्या रविवारी. मी रोज दिवेलागणीला हेडफोन घालून शेतात उभा राहायचो. भोपळे पिकायचे. एकटा माणूस भोपळे तोडतो आणि पेटीत टाकतो, ह्याला शेती म्हणत नाहीत. हमाली म्हणतात.

फोनवर पुन्हा चपाती आली.

ह्या काळात मी गावात बरीच व्याख्यानं दिली. न्हाव्याच्या खुर्चीत बसलो तरी विषय बेट. अख्खी वस्तू म्हणून विकायची आणि आतला तुकडा काढून मागं ठेवायचा, ह्याच्याइतका नीच व्यापार नाही; आमच्या मोंढ्यातला सगळ्यात बेरकी अडत्यासुद्धा पोतं विकून सुतळीचे पैसे मागत नाही; वगैरे. न्हावी मान हलवायचा. त्याच्या हातात वस्तरा होता आणि माझी मान त्याच्याकडं होती, त्यामुळं त्यानं मतं दिली नाहीत.

मग लग्नसराईच्या शेवटच्या दिवसांत करजगीचा एक शेतकरी लेकीच्या लग्नासाठी हॉल बघायला आला. नवरदेव अक्कलकोटकडचा, म्हणून आळंद दोघांना सोयीचं. बाप साधा दिसला तरी कच्चा नव्हता. भिंतीला हात लावून बघणारा. मी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि भाडं सांगितलं. त्याला ते बरं वाटलं. मग मी नेहमीच्या चालीवर पुढचं म्हटलं.

"खुर्च्या वेगळ्या. भांडी वेगळी. पाण्याचा टँकर वेगळा. जनरेटर वेगळा. स्टेजवरचा सोफा पायजे आसंल तर त्यो वेगळा. नवरीच्या खोलीत कूलर हाय, त्याचे वेगळे. आन् खोलीची किल्ली वेगळी, तिचे पैसे आमी आगाऊ घेताव."

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "अण्णा, मग भाडं कशाचं?"

"हॉलचं."

"हॉल म्हंजे?"

मी आजूबाजूला पाहिलं. "हे. चार भिंती. वर स्लॅब."

"स्लॅब भाड्यात हाय म्हणा की," तो म्हणाला. "मग चिंता न्हाई. पाऊस आला तर भिजणार न्हाई."

मी हसलो नाही. हा माझा धंदा आहे. मी त्याला समजावून सांगितलं, "हे बगा, सगळ्यांनाच जनरेटर लागत न्हाई. सगळ्यांनाच सोफा लागत न्हाई. सगळं भाड्यात घातलं तर भाडं वाढंल, आन् गरिबाला हॉल मिळायचा न्हाई. ज्याला जे पायजे त्यानं ते घ्यावं. घ्याच म्हणून कोण म्हणायलंय?"

हे बोलून झालं आणि मला जाणवलं, की हेच मी थोड्या दिवसांपूर्वी हेडफोनमधून ऐकलं होतं. चाल माझी होती, शब्द लेकीचे होते.

नेमकी त्याच वेळी बायको चहा घेऊन आली होती. तिनं पेला त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "दादा, ह्यास्नी इचारा, बेट केवढ्याला हाय."

"कसलं बेट, अक्का?"

"हाय एक. ह्यास्नी त्याचा लई राग हाय."

करजगीच्या माणसानं माझ्याकडं पाहिलं. मी चहाकडं पाहिलं. त्याला बेट काही समजलं नाही, पण माझा पाय कुठंतरी अडकलाय हे त्याला समजलं, आणि शेतकऱ्याला तेवढं पुरतं. तो सावकाश म्हणाला, "जनरेटरचं तुमचं खरं हाय, अण्णा. डिझेल जळतंय, पैसे घ्या. टँकरचं बी खरं. खुर्च्या तुमी नंतर आणल्या असतील, त्याचं बी मी बोलत न्हाई. पण ती नवरीची खोली हॉल बांधला तवाच बांधली ना? तिला दार बी तवाच बसवलं. मग किल्ली वेगळी कशी? मी दार बगून पसंत करायचं आन् मग आत जायचे पैसे द्यायचे, हे कुठलं?"

मला एकदम होडी आठवली. काठाला बांधलेली, न हलणारी.

त्या एका वाक्यानं माझ्या डोक्यातला गुंता मात्र सुटला, हे कबूल करतो. नंतर राबून नवं काही बनवलं, त्याचे पैसे मागणं चूक नाही. पण घर बांधतानाच एक खोली कुलूपबंद ठेवायची आणि घर घेणाऱ्याला दाराच्या फटीतून आतला उजेड दाखवायचा, हे वेगळं. खेळवाल्यांनी बेट कधी बनवलं ते देव जाणे. पण होडी त्यांनी आधी बनवली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. माझं अजूनही तेच मत आहे आणि ते मी कुणासमोरही सांगीन, फक्त माझ्या हॉलमध्ये सांगणार नाही.

किल्ली मी भाड्यात घातली. कूलर घातला नाही. मी माणूस आहे, देवमाणूस नाही.

आता कुणीही म्हणेल की इथं तरी ह्या माणसानं बेट घ्यायचं. माझं तत्त्व माझ्याच हॉलमध्ये आडवं झालेलं, लेक तिकडं, मी इकडं, मधे समुद्र. पण तत्त्व गेल्यावरही माझ्याकडं एक गोष्ट शिल्लक होती: भाव.

आमच्याकडं लहानथोरांना एक सवय आहे. तूर निघाली की लगेच विकायची नाही. घरात पोती लावायची, कडुनिंबाचा पाला टाकायचा, आणि रोज मोंढ्यातला भाव विचारायचा. विकणारा भाव चढायची वाट बघतो, घेणारा उतरायची. वाट बघण्यात जो हरला तो गावात हसण्यावारी गेला. मीही थोडीफार पोती दरसाल विकत घेऊन ठेवतो. लेकीनंच मागं एकदा सांगितलं होतं की हे खेळ सणासुदीला स्वस्त होतात. झालं. मी बेटालाही पाला टाकून ठेवलं.

"अवो, घेऊन टाका की," बायको म्हणाली. "ती तिकडं खेळायलीय, तुमी इकडं भोपळे मोजत बसलाव."

"भाव उतरू दे."

"तूर न्हाई ती. लेक हाय."

"भाव उतरतोच," मी म्हटलं. "लोकांची घाई संपली की उतरतो."

रोज दिवेलागणीला मी आता शेतात जायच्या आधी दुकान उघडून बेटाचा भाव बघायचो आणि बंद करायचो. पाऊस आला, पंचमी आली. पंचमीला लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, लाह्या फोडतात. आमची आली नाही. कामाचं कारण सांगितलं. मला त्या दिवशी हॉलमध्ये फार काम असल्यासारखं वाटलं. मी रिकाम्या हॉलमधल्या खुर्च्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीला लावून घेतल्या.

थोड्याच दिवसांनी बायको स्वयंपाकघरातून फोनवर लेकीशी बोलत होती. "नव्या हापिसातलं जेवण बरं हाय का गं?"

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "नवं हापीस?"

"नोकरी बदलली की तिनं."

"कवा?"

"झाला की महिना."

"मला कुणी सांगितलं न्हाई!"

"तुमी इचारलं न्हाई. तुमी चपाती इचारता."

जुनी नोकरी का सोडली, साहेबाशी काही झालं का, नव्या ठिकाणी कुणी ओळखीचं आहे का, हे सगळं मी विचारलं नाही. बायकोला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, पण मला ते तिच्याकडून नको होतं. उमरग्याचं स्थळ मला थेट कळलं होतं, आधी मला. माणसाला एकदा मोंढ्यातला पहिला भाव कळायची सवय लागली की तिसऱ्याकडून शिळा भाव ऐकवत नाही.

आणि दसऱ्याच्या आसपास बेट पडलं. सरळ निम्म्यावर.

मी ओरडलोच. बायको हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली. मी पडद्याकडं बोट केलं. खोडलेला जुना भाव, त्याच्याखाली नवा. इतक्या महिन्यांचा धीर, इतका अपमान, सगळं वसूल झालं होतं. कार्डाचा आकडा टाकताना दोनदा चुकलो, फोनवर आलेला आकडा वाचेपर्यंत त्याची वेळ संपली, पुन्हा मागवला. शेवटी बेट आलं. आल्या आल्या मी लेकीला फोन लावला.

"जेवलीस का" न विचारता म्हटलं, "बेट घेतलं! निम्म्यात!"

मग ती हळूच म्हणाली, जसं हॉलमधून वऱ्हाड निघून गेल्यावर पोचलेल्या पाहुण्याशी बोलतात तसं, "अप्पा, ते आमी सोडून लई दिवस झाले की."

"सोडून म्हंजे?"

"संपलं ते. आता सगळे दुसरं खेळायलेत. पण तुमी खेळा ना. लई छान हाय बेट."

"व्हय," मी म्हटलं. "बगतो."

गेलो. होडी हलली. समुद्र ओलांडताना गाणं वाजत होतं, ते चांगलं होतं. बेटावर उतरलो तर वाळू, एक नारळाचं झाड आणि चालणारा एक लाल पक्षी. मला वाटलं होतं, तिनं बांधलेलं घर दिसेल. मग कळलं की तिचं घर तिच्या बेटावर असतं. ती आत असली तरच त्या बेटावर जाता येतं. मी घेतलं ते माझं बेट होतं. कोरं, निम्म्या किमतीचं, आणि तिथं कुणी येणार नव्हतं. टोपीवाला वाळूत उभा राहिला. पक्षी त्याच्याभोवती एक चक्कर मारून निघून गेला.

बायको मागं उभी होती. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

मी पुन्हा फोन लावला. ह्या वेळी काय विचारायचं ते आधी मनात धरलं होतं. "आता काय खेळायलीस?"

तिला नवल वाटलं असावं. "भुताचा हाय, अप्पा. एक बंगला हाय, त्यात भुतं. तुमाला न्हाई जमायचा. तुमी शेळी समुद्रात घालवणारे."

"मी घेतो."

"आता नगं. दिवाळीला थांबा की. निम्म्यात मिळंल."

माझीच लेक. आळंदचं पाणी.

"थांबत न्हाई," मी म्हटलं.

पुऱ्या भावात घेतला. घासाघीस नाही, तत्त्व नाही. आणि खरी गंमत पुढं आहे: त्या बंगल्यालाही तळघर आहे, तळघराला दार आहे, दाराखालून उजेड दिसतो, आणि आत जायचे पैसे वेगळे आहेत. खेळवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी तेही लगोलग घेतलं. बायको म्हणाली, "किल्ली भाड्यात घाला म्हणून सांगा की त्यास्नी." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

भुतांचा खेळ मला खरोखरच जमत नाही. मी दार उघडतो आणि मरतो. मी जिना चढतो आणि मरतो. एकदा मी नुसता उभा होतो आणि मेलो. हेडफोनमध्ये लेक ओरडत असते, "अप्पा, मागं बगा, मागं! अवो मागं!" आणि मी पुढं बघत असतो, कारण माझं सगळं आयुष्य पुढून येणाऱ्या गिऱ्हाइकाकडं बघण्यात गेलंय. तिचे मित्रमैत्रिणी हसतात. त्यातला एक जण मला "अंकल, आप दरवाजे के पास ही रहिए" म्हणतो, म्हणजे मी निदान भुताला अडथळा तरी होईन. ते सगळे त्यांचं त्यांचं खेळायला निघून जातात आणि लेक मला न्यायला परत येते.

परवा एक लांब केसांचं भूत आमच्या मागं लागलं. लेकीनं मला ओढत एका कपाटात कोंबलं आणि स्वतःही आत आली. दार लावलं. बाहेर भूत येरझाऱ्या घालत होतं, पायांचा आवाज येत होता. ते लांब जाईपर्यंत कपाटात गप्प बसून राहायचं, हात लावायचा नाही कशाला, असा तिथला नियम आहे. कपाटात अंधार होता. शेतातला पिवळा झगा इथं नव्हता, टोपी नव्हती. थोडा वेळ आम्ही एकमेकांचा श्वास ऐकला.

मग ती म्हणाली, "अप्पा, ते जुनं हापीस मी का सोडलं म्हाईत हाय का तुमाला?"

"न्हाई," मी म्हटलं. "सांग."

बाहेर भुताचे पाय दाराजवळून पुढं निघाले होते. जिन्याकडं. मी यंत्रावरचे अंगठे उचलून घेतले आणि मनातल्या मनात त्या भुताला म्हटलं, माय, अजून एक चक्कर मार.